परसातील जाळी



पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावरील एका गावातून डिसेंबर महिन्यात आम्हांस एका मातेचे पत्र आले. पत्र अगदी घरगुती होते. तिचा थोरला मुलगा आखातातील एका कामगारवस्तीच्या भोजनगृहात सात वर्षे राबून नुकताच कायमचा घरी परतला. त्या भोजनगृहात फिलिपाइन्सचे, इंडोनेशियाचे, कोरियाचे असे नाना देशांचे स्वयंपाकी होते. त्यांच्या हाताखाली कांदे सोलता सोलता तोही स्वयंपाकी झाला. आता जानेवारीत धाकट्या बहिणीचा साखरपुडा. मुलाचा हट्ट असा की, पाहुण्यांना नेहमीचा रस्सा वाढावयाचा नाही. मोठ्याचे मांस मसाल्यात मुरवून, परसात जाळी मांडून, निखाऱ्यावर भाजलेले ताटात गरम गरम पडले पाहिजे. आजीचा हट्ट असा की, परसात ती जाळी पेटली तर आपण त्या दिवशी जेवावयास बसणार नाही. ‘फादर, मुलाचे ऐकू की सासूबाईंचे?’ एवढे विचारून पत्र संपले होते.

सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, धर्मशास्त्र शिकविले, लॅटिनही थोडीफार शिकविली; मांस भाजावयास मात्र कोणी शिकविले नाही. तरीही या प्रश्नाला घरी बसून उत्तर देणे आम्हांस बरे वाटेना. शिवाय, खरे सांगावयाचे तर, त्या मुलाच्या हातचे खाण्याची आम्हांस उत्सुकताही होती. म्हणून नाताळ उरकल्यावर आम्ही त्या गावी गेलो.

मुलाने ट्रंकेतून बाटल्या काढून आमच्यापुढे मांडल्या. त्यांतील एकीवर ‘आशियाई चव’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. वाचून आम्हांस हसू आले. आपण तरी कोणत्या खंडात राहतो? चिंच, आले, लसूण, तीळ आणि गूळ यांची चव आशियाई नव्हे काय? परंतु बाटली विकणाऱ्याच्या भूगोलात आशिया म्हणजे चीन, जपान, कोरिया आणि त्यांच्या दक्षिणेकडील देश; आपला आदिलाबाद जिल्हा त्यात येत नाही. गंमत अशी की, त्या बाटलीतील काळा रस ज्या दाण्याचा केलेला असतो तो सोयाबीन आपल्याच काळ्या जमिनीत कपाशीच्या शेजारी उभा असतो. शेतकरी तो पोत्यात भरून बाजार समितीच्या आवारात नेतो, तेथून तो तेलाच्या गिरणीत जातो, पेंड कोंबड्यांना जाते. आणि त्याचा रस मात्र बाटलीतून परदेश फिरून आपल्या घरी येतो.

हा रस करण्याची खरी रीत मोठ्या धीराची आहे. वाफवलेल्या सोयाबीनमध्ये भाजून भरडलेला गहू मिसळतात व त्यावर एका विशिष्ट जातीची बुरशी वाढवितात. बुरशीचे नाव ऐकून कोणी नाक मुरडू नये. इडलीचे पीठ आणि दही हीदेखील सूक्ष्म जीवांचीच करणी आहे. मग ते सारे खारट पाण्यात कित्येक महिने ठेवितात आणि शेवटी पिळून गाळतात. बाजारातील स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा सोयाची पेंड आम्लात शिजवून तिला जळक्या साखरेचा रंग दिलेला असतो. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली म्हणजे कोणती बाटली कोणत्या कुळातील ते कळते. कोणतीही घ्या, तिच्यात मीठ भरपूर असते. म्हणून हा रस घातलेल्या मांसाला वेगळे मीठ लावू नये. गृहिणींनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पहिल्या दिवशी आमच्या ताटात जे आले ते खारे होण्याचे एक कारण हेच होते.

या रसाचा आणि गोमांसाचा संबंध मात्र आपण समजतो तितका जुना नाही, निदान जपानात तरी नाही. तेथे सम्राट तेम्मू याने इसवी सन ६७५ मध्ये वर्षातील काही महिने बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली. बौद्ध धर्माचा पगडा आणि शेतीला बैलांची गरज, दोन्ही कारणे होती. पुढे असे निर्बंध पुन्हा पुन्हा घातले गेले. लोक लपूनछपून खात, औषध म्हणून खात. परंतु चारचौघांत चतुष्पादाचे मांस खाणे शिष्टसंमत नव्हते. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी याने स्वतः गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे ती कोंडी फुटली. आज ज्या देशाच्या गोमांसाचे नाव जगभर घेतात, त्या देशाने सुमारे बाराशे वर्षे त्याकडे तिरक्या नजरेने पाहिले होते. हे आम्ही मुलाला सांगितले तेव्हा तो चकित झाला; आणि दारात बसलेल्या आजींनी मान वर केली, हेही आमच्या लक्षात आले.

कोरियाची गोष्ट निराळी. तेथील ‘बुलगोगी’ या पदार्थाच्या नावाचा अर्थच मुळी ‘आगीवरचे मांस’ असा आहे. पातळ कापलेले मांस, सोयाचा रस, साखर, लसूण, तिळाचे तेल, कांदा आणि त्यात किसलेले नाशपातीचे फळ. हे फळ गोडीसाठी तर असतेच, पण मांस मऊ पडण्यासाठीही असते. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ लोकांचा ‘रेंडांग’ म्हणून पदार्थ आहे. तो नारळाच्या दुधात आटवून कोरडा करतात, आणि परंपरेने तो म्हशीच्या मांसाचा असतो. फिलिपाइन्समधील आपले कॅथलिक बांधव सकाळच्या न्याहारीस ‘तापा’ खातात. तो म्हणजे मीठ, लसूण, आंबट रस लावून पूर्वी उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, परतलेल्या भाताबरोबर. मुलगा सांगत होता की त्याचा एक फिलिपिनो सोबती पगाराच्या दिवशी तापा करी आणि खाताना घरची आठवण काढून गप्प होई. या तापाची गोष्ट पुढे पुन्हा यावयाची आहे.

आता मांसाविषयी. पुष्कळ जण ‘बीफ’ हा शब्द सरसकट वापरतात. परंतु आपल्या बाजारात परवान्याच्या दुकानात जे मिळते ते बहुधा म्हशीचे किंवा रेड्याचे असते. हैदराबादेकडे त्यास ‘बडे का गोश्त’ म्हणतात, आपल्याकडे ‘मोठ्याचे’. या बाबतीत कायदा काय म्हणतो ते प्रत्येक कुटुंबप्रमुखास माहीत असले पाहिजे. तेलंगणात आजही चालतो तो १९७७ चा, मूळ आंध्र प्रदेशचा कायदा. त्याने गाय व वासरू यांच्या कत्तलीस पूर्ण बंदी आहे. इतर जनावर शेतीच्या, पैदाशीच्या वा दुधाच्या उपयोगाचे राहिलेले नाही असा अधिकाऱ्याचा दाखला असल्याशिवाय तेही कापता येत नाही. नदीपलीकडे महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात झालेली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल व वळू यांनाही बंदी आली. म्हैस व रेडा मात्र त्या बंदीत नाहीत. परराज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस नुसते बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. हे सारे कागदावरचे झाले.

कागदावर नसलेले असे की, आपली नातीगोती नदीला विचारून जुळलेली नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. रेषा ओढली गेली आणि मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्यात झाला. या साखरपुड्याचे व्याही किनवटकडचे होते. मुलाच्या मनात असे होते की, आत्याला येणे जमणार नाही तर तिच्यासाठी मुरविलेल्या मांसाचा डबा पहाटेच्या बसने नदीपलीकडे धाडावा. आम्ही त्यास स्पष्ट नको म्हणून सांगितले. म्हशीचे मांस आहे, पावती खिशात आहे, कायदा आपल्या बाजूस आहे, हे सर्व खरे. परंतु रस्त्यात अडविणारी माणसे प्रयोगशाळा बरोबर घेऊन फिरत नाहीत, आणि डब्यातील तुकडा म्हशीचा की बैलाचा हे डोळ्यांनी कोणासही ओळखता येत नाही. अशा गैरसमजातून या देशात माणसांचे प्राण गेले आहेत. आत्याला न्यावयास गाडी पाठवावी. डबा पाठवू नये. मुलाला हे आवडले नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो राग आला तो आम्हांस अयोग्य वाटला नाही. तथापि आमचे म्हणणे आम्ही बदलले नाही.

असो. पहिल्या दिवसाच्या फजितीकडे वळू, कारण तिचा दोष बराचसा आमचा आहे. येण्यापूर्वी आम्ही फोनवरून मोठ्या अधिकारवाणीने सल्ला दिला होता की, जनावर म्हातारे असेल तर कच्च्या पपईचा वाटलेला गर लावून मांस रात्रभर ठेवावे. पपईने मांस मऊ होते हे आपण सारेच जाणतो. कच्च्या पपईच्या चिकात एक पाचक द्रव्य असते, ते मांसाचे तंतू तोडते. परंतु ते द्रव्य वरवरच काम करते, आत खोल जात नाही; आणि निखाऱ्यावर तुकडा तापू लागला म्हणजे साठ-सत्तर अंशांपर्यंत त्याचा जोर उलट वाढतो. रात्रभर ठेवलेल्या तुकड्यांचे बाहेरून पिठल्यासारखे झाले होते आणि आतून ते चामड्यासारखेच राहिले होते. त्यातच मुलाने हाताच्या पंजाएवढे जाड तुकडे केले होते, सोयाच्या रसाबरोबर मीठही घातले होते, आणि गूळ आधीच भरपूर लावला होता. गूळ जळाला. बाहेरचे काळेठिक्कर, आतले कच्चे. आम्ही चार घास शिष्टाचारास्तव गिळले. गावातील कुत्र्यांचा मात्र त्या रात्री साखरपुडा झाला.

या गोंधळात आजी दारातून उठून जाळीपाशी आल्या. मुलगा उरलेल्या मांसावर सुरी चालवीत होता. त्या काही वेळ पाहत राहिल्या, आणि त्यांना राहवले नाही.

‘आडवं काप नं रे बाबू. उभं कापशील तं दोर चावल्यावानी लागन.’

मुलाने वर पाहिले. आजींनी सुरी त्याच्या हातातून घेतली, मांसाचा गोळा पाटावर फिरवून त्याच्या शिरा कोणत्या दिशेने धावतात ते बोटाने चाचपले, आणि शिरांना आडवी अशी, जवळजवळ पारदर्शक म्हणावी इतकी पातळ पट्टी एका हिसड्यासरशी काढली. मग दुसरी. मग तिसरी. ऐंशीच्या घरातील त्या हातांचा तो वेग पाहून त्यांची सूनही थक्क झाली. चाळीस वर्षे एका घरात राहून तिने सासूबाईंना असे कापताना पाहिले नव्हते.

‘हे कुठं शिकलीस आजी?’ नातवाने विचारले.

‘शिकाले काय लागते? चान्या कोन करत होतं मंग?’

चान्या हा शब्द आमच्या तरुण वाचकांपैकी कित्येकांनी ऐकलेलाही नसेल. मोठ्या जनावराचे मांस एकदम हाती येई आणि ठेवावयास जागा नसे, तेव्हा त्याच्या लांबलचक पातळ पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर उन्हात वाळवीत. कडकडीत झाल्या की मडक्यात भरून ठेवीत. पावसाळ्यात घरात काही नसले म्हणजे त्यांतील चार निखाऱ्यावर भाजून, कुटून, तिखटाबरोबर भाकरीशी खात, किंवा कालवणात टाकीत. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या घरची ही बेगमी. मराठवाड्यातील या खाद्यजीवनाविषयी श्री. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ नावाचे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले. त्याच्या आधी मराठीतील पाकशास्त्राच्या पुस्तकांत या अन्नाला पानभरही जागा क्वचितच मिळाली असेल. ओगल्यांच्या काळापासून आपल्या पुस्तकांतील स्वयंपाकघर हे एका विशिष्ट आळीतीलच राहिले, हे कबूल केले पाहिजे.

त्या रात्री शेकोटीभोवती बसल्यावर आजींनी आपल्या हट्टाचे कारण सांगितले. आदिलाबादची थंडी वाचकांस ठाऊक आहेच. पाठ गारठलेली आणि तोंड भाजणारे, अशा अवस्थेत आम्ही ऐकत होतो. त्यांच्या लहानपणी दारापुढे दोरीवर चान्या वाळत घातल्या की वाटेने जाणाऱ्या माणसाला हे घर कोणाचे ते विचारावे लागत नसे. तो नाकाला पदर लावून जाई. शाळेत गेलेल्या त्यांच्या भावाला दुसऱ्या मुलांनी त्यावरून एक नाव ठेवले होते. ते नाव त्यांनी आम्हांस सांगितले नाही. लग्न होऊन या घरी आल्यावर त्यांनी ठरविले की आपल्या दाराला दोरी नाही. मांस आणले तर झाकून आणावे, शिजवले तर दार लावून शिजवावे, धूर बाहेर जाऊ देऊ नये. साठ वर्षे त्यांनी तो धूर घरात कोंडून ठेवला. ‘आन् आता ह्यो म्हन्ते, परसात जाळी मांडतो.’

नातवाने मग आपल्या फिलिपिनो सोबत्याच्या तापाची गोष्ट सांगितली. आजींनी फार बारकाईने विचारले: मीठ किती लावतात, लसूण वाटून की ठेचून, किती दिवस उन्हात, माशा बसू नयेत म्हणून काय करतात. शेवटी म्हणाल्या, ‘हे त आपलंच हाय.’ आणि थोड्या वेळाने, ‘त्याहिले कोनी नावं ठेवत नाही?’ ‘नाही आजी,’ मुलगा म्हणाला, ‘तिकडं हॉटेलात पैसे देऊन खातात.’ आजी त्यावर काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीचे जाळीवरचे काम आजींच्या देखरेखीखाली झाले. ते कसे झाले ते येथे सविस्तर देतो, कारण आमच्या वाचक भगिनी ते विचारल्यावाचून राहणार नाहीत.

मांस शक्य तर अंडरकटचे घ्यावे. कसाई या नावानेच ओळखतो. तो कण्याच्या आतल्या बाजूचा, कामाचा ताण न पडलेला भाग. तो महाग वाटला तर रानेचे मांस चालते, मात्र ते शिरांना आडवे आणि अर्ध्या बोटाहूनही पातळ कापले पाहिजे. म्हशीच्या मांसाला चरबी थोडी, रंग गडद, तंतू जाड; जाड तुकडा निखाऱ्यावर वाळून जातो, आत शिजेपर्यंत बाहेरचा जळतो. नडगीचे व मानेचे मांस जाळीसाठी घेऊच नये. त्यास मंद विस्तवावरचा दोन-तीन तासांचा रस्साच मानवतो.

एक किलो मांसाला चार मोठे चमचे सोयाचा रस, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, दोन बोटे आले, एक किसलेला कांदा, चमचाभर मिरे भरडून, आणि चिंचेचा घट्ट कोळ दोन चमचे. कोरियात तीळ आधी भाजून मग तेल काढतात, म्हणून त्याचा वास खमंग येतो. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. आजींनी मूठभर तीळ तव्यावर तांबूस भाजून पाट्यावर वाटले आणि साध्या तेलात कालवले. मुलाने शपथेवर सांगितले की वास तोच आला. नाशपाती आपल्याकडे मिळाली नाही तरी अडत नाही, कारण कच्च्या आल्यातही मांस मऊ करणारे द्रव्य असते. पपई लावावयाचीच तर किलोला एक चमचा, तीही शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात. आमच्यासारखी रात्रभर नव्हे. इतक्या पातळ पट्ट्यांना मुरावयास दोन-तीन तास पुष्कळ झाले. मसाला मुळात काही रेषाच आत जातो, आत खोलवर जाते ते मीठ.

मुरताना भांडे झाकून थंडीत ठेवावे. जानेवारीत परसातील गारवा पुरेल असे पुष्कळांस वाटते, पण दुपारी तोही भरवशाचा नसतो. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा, कच्चे मांस तासाभराहून अधिक बाहेर राहिले तर ते टाकून द्यावे हेच बरे. कच्चे मांस ज्या रसात मुरले तो रस भाजलेल्या मांसावर वरून ओतू नये. ओतावयाचा असेल तर खळखळून उकळून घ्यावा. मुलाने भोजनगृहात शिकलेली ही शिस्त आम्हांस फार आवडली: कच्च्याचा चिमटा निराळा, शिजल्याचा निराळा.

कोळसा लोणारी घ्यावा. आपल्या जुन्या जिल्ह्यात सिंगरेणीच्या खाणी आहेत म्हणून कित्येक घरांत दगडी कोळसा पडलेला असतो. त्याच्या उघड्या आचेवर अन्न भाजणे म्हणजे गंधकाचा धूर खाणे. रंग दिलेले लाकूड नको, जुन्या फळ्या नकोत, पेटवावयास रॉकेलही नको. बाभळीचा निखारा उत्तम. ज्वाळा विझून कोळशावर पांढरी राख धरली म्हणजे जाळी ठेवावी. वीतभर उंचीवर तळहात धरून तीन अंक मोजेपर्यंत चटका बसला तर आच योग्य. पातळ पट्टीला एका बाजूस दीड-दोन मिनिटे लागतात. गूळ पाण्यात विरघळवून अगदी शेवटी, उतरविण्यापूर्वी, पिसाने किंवा कापडाच्या बोळ्याने फिरवावा. एकदा चकाकला की लगेच काढावे.

भोजनगृहातील साहेब लोक मांस आतून लाल ठेवून खात, असे मुलगा म्हणाला. आपल्या घरी ते करू नये. मोठ्या जनावराच्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या पोटात जातो, तो अपुऱ्या शिजलेल्या मांसातूनच. आतील तापमान त्रेसष्ट अंशांवर जाऊन तीन मिनिटे मुरले पाहिजे, आणि खिमा असेल तर एकाहत्तर, असे परदेशातील अन्नतपासनीस सांगतात. आपल्याकडे तापमापक नसतो, म्हणून सर्वांत जाड पट्टी तोडून पाहावी आणि आत कोठेही लाल उरू देऊ नये. काळे जळलेले कडेचे भाग काढून टाकावेत. रोज खाण्याचा हा पदार्थ नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाविषयी जो इशारा दिला तो सणावाराच्या ताटापेक्षा रोजच्या ताटाला अधिक लागू आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्ही हात जोडून सांगतो. जेवणे आटोपली, रात्र गारठली, निखारे अजून लाल आहेत, तेव्हा ती शेगडी उचलून झोपण्याच्या खोलीत नेण्याचा मोह होतो. त्या दिवशीही घरातील एक काका ती उचलावयास निघाले होते. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, धूरही नाही. दार-खिडकी लावून झोपलेले कुटुंबच्या कुटुंब त्याने सकाळी उठत नाही. दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे हे घडतेच. शेगडी बाहेरच पाण्याने विझवावी, आणि घोंगडी आणखी एक घ्यावी.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. भिंतीला भिंत लागून माळकऱ्यांचे घर. तीन पिढ्यांचा घरोबा. साखरपुड्यासाठी मोठी परात आणि दोन पातेली त्यांच्याकडूनच आली होती. मुलाचे म्हणणे, आपल्या परसात आपण काहीही करू. त्यात तो चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आजी स्वतः उठल्या, शेजारी गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच उघड सांगून आल्या की, आमच्या घरी अमुक दिवशी मोठ्याचे भाजणार आहेत, धूर होईल. शेजारीणबाईंनी दोनच गोष्टी मागितल्या: एकादशी नको, आणि ‘आमची परात तेवढी त्यात नको’. शुक्रवार आमच्याकडूनच बाद होता. पंचांग आणि आमचे दिनदर्शक शेजारी शेजारी ठेवून शनिवार काढला. परात आदल्या दिवशी घासून परत गेली.

साखरपुडा पार पडला. आत्याला आणावयास गाडी गेली आणि ती आलीही. किनवटकडचे व्याही आधी जरा बिचकले; मग एकाने भाकरीत दोन पट्ट्या गुंडाळून, वर कांदा आणि लिंबू पिळून खाल्ल्यावर जाळीभोवती रांग लागली. मुलाने चिंचेचा कोळ, लाल तिखट आणि खरपूस भाजून भरडलेले तांदूळ यांची एक चटणी केली होती; थायलंडात ती भाजलेल्या मांसाबरोबर घेतात. तांदळाच्या त्या भरडीने मराठवाड्याकडच्या पाहुण्यांस येसुराची आठवण झाली, आणि येसुरात कोणते धान्य किती घालावे यावर दोन विहीणबाईंचा वाद रंगला तो आम्ही निघेपर्यंत संपला नव्हता.

आजी जेवावयास बसल्या. दातांअभावी त्यांना पट्टी चावेना, तेव्हा त्यांनी नातवाला खलबत्ता आणावयास सांगितले. जाळीच्या कडेला वाळून कडक झालेल्या चार पट्ट्या निवडून घेतल्या, हिरवी मिरची आणि लसूण घालून त्या परसातच, सर्वांच्या देखत, कुटल्या, आणि पहिला घास आमच्या ताटात वाढला.